तीन आठवड्यांत विरघळलेली मेंदूतील गाठ: प्राथमिक लिम्फोमाची शंका, बायोप्सी आणि पुढचा अंदाज

तासगावकर

सर्वांना नमस्कार. माझे वडील 64 वर्षांचे असून निवृत्त मुख्याध्यापक आहेत. निवृत्तीनंतर ते गावातील पतसंस्थेचे हिशेब हौसेने तपासून देत असत. श्रावणात त्यांनी वहीच्या एकाच पानावर तीन वेळा चुकीची बेरीज केली आणि सचिवांनी चूक दाखवल्यावर ‘बेरीज बरोबरच आहे’ असा हट्ट धरला, तेव्हा काहीतरी बिनसल्याची शंका आम्हाला पहिल्यांदा आली. पुढच्या दोन आठवड्यांत त्यांचे डावे पाऊल ओढले जाऊ लागले, चालताना त्या पायातली चप्पल मागेच राहू लागली आणि ते दिवसाचा बराच वेळ झोपून काढू लागले.

एमआरआयच्या अहवालाचा सारांश असा होता: उजव्या बेसल गँग्लियापासून (मेंदूच्या खोल भागापासून) कॉर्पस कॅलोसमपर्यंत (दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या पट्ट्यापर्यंत) पोहोचलेली, सुमारे 3.5 सेंमीची, एकसारखा कॉन्ट्रास्ट घेणारी आणि डिफ्यूजन रिस्ट्रिक्शन (पेशींच्या दाटीमुळे पाण्याच्या रेणूंची हालचाल अडणे) दाखवणारी गाठ. शक्यता लिम्फोमाची, म्हणजे एका कर्करोगाची, किंवा क्षयाच्या गाठीची. पहिल्या डॉक्टरांनी बायोप्सीची तारीख दिली, पण त्याआधीच क्षयाची औषधे आणि डेक्सामिथासोन हे स्टिरॉइड ही दोन्ही एकाच दिवशी सुरू केली. दहाव्या दिवशी वडील काठीशिवाय अंगणात फेऱ्या मारू लागले. तीन आठवड्यांनी पुन्हा एमआरआय केला, तेव्हा गाठ जवळजवळ दिसेनाशी झाली होती. बायोप्सी रद्द झाली आणि आम्ही गल्लीत पेढे वाटले. डेक्साचा डोस हळूहळू उतरवत बंद केल्यानंतर मात्र पाचव्या आठवड्यात पाऊल पुन्हा ओढू लागले. आताच्या एमआरआयमध्ये जुन्या जागी गाठ आहेच, शिवाय डाव्या व्हेंट्रिकलच्या (मेंदूतील पाण्याच्या पोकळीच्या) कडेला आणखी एक लहान गाठ आहे. क्षयाची औषधे मधल्या काळात एक दिवसही चुकलेली नाहीत.

आता पुण्यातील न्यूरोसर्जन म्हणतात की जीवाला तातडीचा धोका दिसल्याशिवाय स्टिरॉइडचा एकही डोस देऊ नका, आधी बायोप्सी करू. घरात मात्र दोन तट पडले आहेत. थोरल्या काकांचे म्हणणे असे की औषधाने गाठ एकदा गेली होती, म्हणजे ती क्षयाचीच असणार. मग डोक्याला भोक कशासाठी पाडायचे? माझे तीन प्रश्न आहेत. कर्करोगाची गाठ अशी विरघळते का? पाठीतले पाणी तपासून निदान होत असेल तर बायोप्सी टाळता येईल का? आणि हा लिम्फोमाच निघाला तर पुढे किती आशा धरावी?

काचपट्टी

मी 22 वर्षे रोगनिदानशास्त्राच्या विभागात काम केले असून त्यातला मोठा काळ मेंदूच्या गाठींच्या काचपट्ट्या पाहण्यात गेला. तुमच्या वडिलांना मी पाहिलेले नाही, म्हणून पुढचे सारे सर्वसाधारण माहिती म्हणूनच वाचावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि इतक्या झपाट्याने विरघळणारी गाठ पाहिली की आमच्या मनात लिम्फोमाचे नाव सर्वांत आधी येते. लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग आहे आणि या पेशींना स्टिरॉइड थेट मारते. ग्लायोब्लास्टोमासारख्या मेंदूच्या दुसऱ्या कर्करोगाच्या गाठीत डेक्सामिथासोन भोवतीची सूज उतरवते, त्यामुळे रुग्णाला बरे वाटते, पण गाठ जागची हलत नाही. लिम्फोमात सूज उतरतेच, शिवाय गाठीतल्या पेशीही मोठ्या संख्येने मरतात आणि स्कॅनवरची गाठ काही दिवसांत फिकी पडते. डॉक्टर मंडळी आपसात हिला ‘घोस्ट ट्यूमर’, म्हणजे भुतासारखी दिसेनाशी होणारी गाठ, असे म्हणतात. सगळ्या पेशी मात्र मरत नाहीत. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात आणि पुष्कळदा नव्याच जागी उगवतात. तुम्ही लिहिलेला क्रम या वर्णनाशी तंतोतंत जुळतो, पण स्टिरॉइडला असा प्रतिसाद मिळणे हा लिम्फोमाचा पुरावा होत नाही. मायलिनच्या (मज्जातंतूंवरील आवरणाच्या) दाहामुळे होणाऱ्या गाठीसारख्या विकृती, सार्कॉइडोसिस हा दाहाचा आजार आणि इतर काही दाहही स्टिरॉइडने असेच मावळतात. म्हणूनच ऊतीचा तुकडा हातात यावा लागतो.

तुमचे न्यूरोसर्जन स्टिरॉइड का रोखून धरत आहेत, हे आमच्या बाजूने पाहिले की चटकन समजेल. स्टिरिओटॅक्टिक बायोप्सीत कवटीला शर्टाच्या बटणाएवढे किंवा त्याहूनही लहान छिद्र पाडतात, संगणकाने ठरवलेल्या कोनातून सुई आत नेतात आणि तांदळाच्या दाण्याएवढे काही तुकडे बाहेर काढतात. त्यातला एक दाणा ओल्या कापसावर ठेवून लगेच आमच्याकडे येतो. आम्ही त्याचा कण दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून पसरवतो, रंग देतो आणि दहापंधरा मिनिटांत शस्त्रक्रियागृहाला फोन करतो. स्टिरॉइड न घेतलेल्या लिम्फोमात त्या पट्टीवर मोठ्या, गोल, एकमेकींना न चिकटणाऱ्या पेशींचा सडा पडलेला असतो, आणि नंतरच्या पक्क्या पट्ट्यांवर त्याच पेशी रक्तवाहिन्यांभोवती गळपट्ट्यासारख्या दाटलेल्या दिसतात. स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णाच्या त्याच जागेच्या तुकड्यात मला अनेकदा फेसाळ भक्षक पेशी, थोड्या निरुपद्रवी टी-पेशी आणि व्रणासारखी ऊती एवढेच सापडले आहे. अशा वेळी ‘निश्चित निदान शक्य नाही’ असे लिहून सही करावी लागते, आणि ते वाक्य लिहिण्याइतका जड हात दुसऱ्या कशाने होत नाही. तुमच्या वडिलांचे स्टिरॉइड बंद होऊन आठवडे लोटले आहेत आणि गाठ परत वाढली आहे, म्हणजे बायोप्सीसाठी सध्याची वेळ योग्य आहे.

पाठीतल्या पाण्याबद्दल सांगायचे तर ते तपासायला हवेच, पण सुईची सर त्याला क्वचितच येते. मेंदूतील लिम्फोमाच्या बहुतेक रुग्णांत पाण्यात कर्कपेशी सापडत नाहीत. साधारण पाचांत एखाद्या रुग्णात सापडतात. त्या निःसंशय सापडल्या आणि फ्लो सायटोमेट्रीने (पेशींवरील खुणा ओळखणाऱ्या तपासणीने) त्यांची ओळख पटली, तर मेंदूची बायोप्सी टळू शकते. डोळ्यातील काचरसात त्या सापडल्या तरीही टळते. पाण्यातील इंटरल्युकिन-10 या प्रथिनाची पातळी आणि एमवायडी-88 या जनुकातील ठरावीक बदल या तपासण्या आता उपयोगी ठरू लागल्या आहेत, कारण तो बदल या गाठींच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत आढळतो. मात्र सर्वसाधारण प्रयोगशाळेत त्या होत नाहीत आणि केवळ त्यांच्या भरवशावर महिनोन्महिने चालणारी केमो सुरू करायला बहुतेक डॉक्टर धजावत नाहीत. शिवाय गाठ मोठी असून मेंदूवर दाब असेल, तर पाठीतून पाणी काढणेच धोक्याचे ठरते, त्यामुळे तो निर्णय स्कॅन पाहिलेल्या डॉक्टरांनीच घ्यावा.

एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवा. एचआयव्हीची तपासणी सांगितली जाईल, आणि तिचा कोणाच्या चारित्र्याशी काहीही संबंध नाही. एचआयव्हीमध्ये होणारा मेंदूचा लिम्फोमा जवळजवळ नेहमी एपस्टाइन-बार विषाणूशी निगडित असतो, स्कॅनवर तो अनेकदा कड्यासारखा दिसतो आणि त्याच्या उपचारांची दिशाही वेगळी असते, म्हणून ही तपासणी प्रत्येक रुग्णात करतात. एका घरात या एका चाचणीवरून आठवडाभर अबोला झालेला मी पाहिला आहे.

सह्याद्रीवारा

माझ्या मावसभावाला मेंदूतील क्षयाची गाठ होती. त्याला 18 महिने औषधे घ्यावी लागली आणि आज तो ठणठणीत आहे. औषध सुरू असताना त्याचीही गाठ मध्येच वाढली होती, तेव्हा डॉक्टरांनी ‘असे होऊ शकते, घाबरू नका’ असेच सांगितले होते. म्हणून कवटीला हात लावण्याची घाई करू नये, क्षयाच्या औषधांना पुरेसा वेळ द्यावा, असे मला वाटते.

काचपट्टी

सह्याद्रीवारा, तुमच्या भावाच्या बाबतीत जे घडले ते खरे आहे आणि ते वैद्यकशास्त्राला माहीतही आहे. क्षयाची औषधे लागू पडत असतानाही गाठ काही काळ वाढू शकते. आपल्याकडे क्षय इतका आढळतो की मेंदूतल्या कोणत्याही गाठीपुढे त्याचे नाव लिहिले जाते आणि ते चूक नाही. प्रस्तुत प्रसंगात मात्र घड्याळाकडे पाहावे लागते. क्षयाची गाठ औषधांनी विरते ती महिन्यांच्या हिशेबाने. तीन आठवड्यांत साडेतीन सेंटिमीटरची गाठ जवळजवळ नाहीशी करणे त्या चार गोळ्यांच्या आवाक्यात सहसा नसते. शिवाय या रुग्णात डेक्सा थांबले आणि गाठ परतली, तेव्हा क्षयाची औषधे चालूच होती. ती औषधेच गाठ विरघळवत असती, तर ती अशी मध्येच उलटली का, याचे उत्तर कुणीतरी द्यायला हवे.

स्कॅनमध्येही फरक असतो. क्षयाच्या गाठी पुष्कळदा एकाहून अधिक असतात, त्यांच्या कडेला कड्यासारखा कॉन्ट्रास्ट भरतो आणि मध्यभाग एमआरआयच्या टी-2 प्रकारच्या चित्रांत काळपट दिसतो. रोगप्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसातील लिम्फोमा आतपर्यंत एकसारखा उजळतो, पेशींच्या दाटीमुळे डिफ्यूजन रोखतो आणि व्हेंट्रिकलच्या कडेला किंवा दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमला धरून राहणे पसंत करतो. अर्थात हे कल झाले, कायदे नव्हेत. बायोप्सीचा मोठा फायदा असा की त्याच दाण्यातून क्षयाचे जंतू, त्याची जनुकीय चाचणी आणि ग्रॅन्युलोमा (क्षयात दिसणारे दाहपेशींचे पुंजके) या तिन्हींचा शोध घेता येतो, त्यामुळे काकांच्या शंकेचे उत्तरही त्यातूनच मिळेल. अनुभवी केंद्रांत जीवावर बेतणारा रक्तस्राव शंभरात एखाद्या रुग्णाला होतो. हा धोका शून्य नाही, पण चुकीच्या रोगाचे औषध घेत आणखी तीन महिने काढण्याच्या धोक्यापुढे तो लहान आहे.

तासगावकर

आपल्या उत्तरांची प्रिंट काढून ती काकांना वाचून दाखवली. क्षयाचा शोधही त्याच तुकड्यातून लागेल, हे वाक्य त्यांना पटले आणि त्यांनीच संमतिपत्रावर साक्षीदार म्हणून सही केली.

गेल्या गुरुवारी बायोप्सी झाली. आज अहवाल हाती आला: डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, सीडी-20 पॉझिटिव्ह, मम-1 आणि बीसीएल-6 पॉझिटिव्ह, केआय-67 सुमारे 90 टक्के, एपस्टाइन-बार विषाणू निगेटिव्ह. ग्रॅन्युलोमा नाही, क्षयाचा जंतू नाही. एचआयव्ही निगेटिव्ह आहे. ‘90 टक्के’ हा आकडा वाचल्यापासून आई जेवलेली नाही, कारण 90 टक्के मेंदू गेला असा तिचा समज झाला आहे. तिला समजेल असे काही सांगता आले तर कृपया सांगावे, आणि माझा तिसरा प्रश्न आता खरोखर उभा राहिला आहे.

पांढरी पेशी

मी रक्तविकार आणि लिम्फोमा यांच्या उपचारांत काम करते. प्रथम आईंसाठी: 90 टक्के म्हणजे तपासलेल्या तुकड्यातील शंभरातल्या 90 कर्कपेशी त्या क्षणी विभाजनाच्या चक्रात होत्या. मेंदूचा किती भाग बाधित आहे याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. या प्रकारच्या लिम्फोमात तो बहुतेक वेळा इतकाच उंच असतो, आणि भराभर विभागणाऱ्या पेशींवरच केमो अधिक काम करते, एवढे त्यांना जरूर सांगा. मेंदूच्या प्राथमिक लिम्फोमांपैकी 90 टक्क्यांहून अधिक लिम्फोमा याच डिफ्यूज लार्ज बी-सेल प्रकारचे असतात, त्यामुळे अहवालात अनपेक्षित असे काही नाही.

उपचारांपूर्वी काही तपासण्या उरतात आणि त्यांचा हेतू ‘प्राथमिक’ हा शब्द खरा आहे ना, हे पाहण्याचा असतो. सगळ्या शरीराचा पेट स्कॅन करतात, कारण थोड्या रुग्णांत मूळ रोग शरीरात अन्यत्र दडलेला सापडतो. पुरुषांत वृषणांची सोनोग्राफी करतात. वृषण आणि मेंदू ही दोन्ही ठिकाणे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेपासून काहीशी आडोशाला असल्यामुळे एकीकडचा लिम्फोमा दुसरीकडे जाण्याची खोड दिसते. नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्पने डोळे तपासून घ्या, जरी वडिलांची नजर स्वच्छ असली तरी. हिपॅटायटिस बी तपासल्याशिवाय रितुक्सिमॅब हे बी-पेशींवरचे औषध सुरू करत नाहीत, कारण त्या औषधाने झोपलेला विषाणू जागा होऊ शकतो. क्षयाची औषधे आता बंद करायची का, ते तुमच्या डॉक्टरांना आजच विचारा, कारण त्यांतली काही यकृतावर ताण आणतात आणि मेथोट्रेक्सेट हे या आजाराच्या केमोतले मुख्य औषधही तेच करते.

पुढच्या अंदाजाबद्दल लिहिताना मला प्रत्येक वेळी थोडे थांबावे लागते, कारण आकडा वाचणारा माणूस तो आपल्याच माणसाच्या कपाळावर लिहिलेला आहे असे समजून वाचतो. उपचार न केल्यास हा आजार काही आठवड्यांत ते थोड्या महिन्यांत जीव घेतो. केवळ मेंदूला लाइट (किरणोपचार) देण्याच्या काळात रुग्ण सरासरीने एक ते दीड वर्ष जगत. मोठ्या डोसचे मेथोट्रेक्सेट आल्यावर चित्र पालटले. इतरत्रच्या लिम्फोमाला लागू पडणारी नेहमीची केमो इथे कुचकामी ठरते, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ती ओलांडू शकत नाही. मेथोट्रेक्सेटचा डोस शरीराच्या दर चौरस मीटरला 3 ग्रॅमच्या वर नेला की ते पडदा ओलांडून पुरेसे आत पोहोचते.

अंदाजासाठी दोन मोजपट्ट्या वापरात आहेत. एक्स्ट्रानोडल लिम्फोमाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने 2003 मध्ये पाच गोष्टी मांडल्या: वय 60 च्या वर असणे, रुग्णाची हालचाल व स्वावलंबन खालावलेले असणे, रक्तातील एलडीएच हे विकर वाढलेले असणे, पाठीतल्या पाण्यातील प्रथिन वाढलेले असणे आणि मेंदूच्या खोल भागात रोग असणे. शून्य किंवा एक गुण असलेल्यांपैकी 80 टक्के, दोन-तीन गुणांच्या गटातील 48 टक्के आणि चार-पाच गुणांच्या गटातील 15 टक्के रुग्ण दोन वर्षांनी हयात होते. तुमच्या वडिलांचे वय आणि गाठीची जागा मिळून दोन गुण झालेच आहेत. पण हा हिशेब करताना मूळ अभ्यास विसरू नका: त्यातील रुग्णांवर 1980 ते 1995 या काळात उपचार झाले होते, आणि पाचही गोष्टींची पूर्ण नोंद असलेले रुग्ण जेमतेम 105 होते. दुसरी मोजपट्टी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राची, 2006 ची, आणि ती फक्त वय आणि कार्यक्षमता पाहते. पन्नाशीच्या आतल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान 8.5 वर्षे, पन्नाशीपुढच्या पण स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांचे 3.2 वर्षे आणि पन्नाशीपुढच्या परावलंबी रुग्णांचे 1.1 वर्षे असे त्यात आढळले. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले, आणि त्या वरच्या निम्म्यांत काही जण पुष्कळच जास्त जगले.

अलीकडचे आकडे यापेक्षा बरे आहेत. युरोपातील पाच देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीत 70 वर्षांपर्यंतच्या रुग्णांना मेथोट्रेक्सेट, सायटॅराबिन, रितुक्सिमॅब आणि थायोटेपा ही चार औषधे एकत्र दिली गेली. ‘मॅट्रिक्स’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपचारपद्धतीच्या गटातील 56 टक्के रुग्ण सात वर्षांनी हयात होते. मेथोट्रेक्सेट आणि सायटॅराबिन एवढीच औषधे मिळालेल्या गटात हे प्रमाण 21 टक्के होते. या उपचाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या चाचणीतील सुमारे 6 टक्के रुग्ण उपचारांच्या दुष्परिणामांनी, मुख्यतः जंतुसंसर्गाने, दगावले. म्हणून 64 व्या वर्षी चारही औषधे पूर्ण डोसने द्यायची की पहिली फेरी बेताने द्यायची, हा निर्णय वडिलांचे मूत्रपिंड, हृदय आणि सध्याची ताकद पाहून होतो. अंथरुणाला खिळलेला रुग्ण पहिल्या दोन फेऱ्यांनंतर चालत बाह्यरुग्ण विभागात आल्याचे मी पाहिले आहे, कारण त्याची परावलंबी अवस्था रोगामुळे आलेली होती. तेव्हा कार्यक्षमतेचा गुण पहिल्या दिवशी मोजून कायमचा धरू नये.

केमोने गाठ गेली तरी तिथे थांबत नाहीत. रुग्णाच्या स्वतःच्या, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी साठवून थायोटेपावर आधारित मोठी केमो देतात आणि त्या पेशी परत करतात, किंवा मेंदूला लाइट देतात. साठीपुढच्या माणसाच्या संपूर्ण मेंदूला पूर्ण डोसचा लाइट दिल्यास पुढे स्मृती, चाल आणि लघवीवरचा ताबा ढासळण्याचा धोका बराच असतो, म्हणून प्रकृती झेपत असेल तिथे मूळपेशींचा मार्ग मी आधी विचारात घेते. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमध्ये ही सोय आहे. प्रत्यारोपणाबद्दलची भेट केमो संपेपर्यंत लांबवू नका. पहिल्या दोन फेऱ्यांच्या दरम्यानच ती उरकून घ्या.

गोदाकाठ

पत्नीला हाच आजार 58 व्या वर्षी झाला. तिला आधी फक्त डाव्या डोळ्यासमोर माश्या उडाल्यासारखे दिसत असे. एका नेत्ररुग्णालयात डोळ्याचा दाह म्हणून सात महिने थेंब आणि स्टिरॉइडच्या गोळ्या चालल्या. दर वेळी बरे वाटे आणि दर वेळी ते परत येई. वर काचपट्टी यांनी मेंदूबद्दल जे लिहिले आहे, तेच आमच्या घरी डोळ्यात घडत होते, पण ते सांगणारे कोणी भेटले नाही. निदान झाले तेव्हा रोग मेंदूत पोहोचला होता. त्या गोष्टीला आज 4 वर्षे 2 महिने झाले. सहा फेऱ्या आणि नंतर स्वतःच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण, एवढे उपचार झाले.

तासगावकर, मी तुम्हाला मेथोट्रेक्सेटच्या दिवसांबद्दल सांगतो, कारण डॉक्टरांच्या फेरीत त्यासाठी वेळ नसतो. औषध तीनचार तासांत शिरेतून जाते, पण खरे काम पुढच्या तीनचार दिवसांत असते. आदल्या रात्रीपासून सोडायुक्त सलाइन सुरू होते, कारण लघवी आम्लधर्मी राहिली तर औषधाचे खडे मूत्रपिंडात साचतात. परिचारिका आम्हाला रंगपट्ट्यांची डबी देत. प्रत्येक लघवीनंतर पट्टी बुडवायची, डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायची आणि आकडा वेळेसह वहीत लिहायचा. पट्टीचा रंग सातच्या खाली (म्हणजे लघवी आम्लधर्मी) दिसला की, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात, जाऊन सांगायचे. 24 तासांनी मेथोट्रेक्सेटचा विषारी परिणाम रोखणारे ल्युकोव्होरिन सुरू होते, आणि ते इंजेक्शन ठरल्या वेळेलाच लागते. रक्तातली औषधाची पातळी रोज तपासतात आणि ती ठरलेल्या रेषेखाली उतरल्याशिवाय घरी सोडत नाहीत.

दुसऱ्या फेरीत आमच्याकडून चूक झाली. पत्नीला छातीत जळजळ होत होती, म्हणून मी घरून आणलेली तिची नेहमीची पित्ताची गोळी दोन दिवस दिली. पातळी उतरायला तीन दिवस जास्त लागले आणि तिच्या तोंडात इतके फोड आले की पेजही गिळवेना. ती गोळी, ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि सेप्ट्रानसारखी काही प्रतिजैविके मेथोट्रेक्सेटला शरीरात अडकवून ठेवतात, हे मला नंतर कळले. त्या दिवसापासून मी पलंगाच्या कठड्याला एक कागद चिकटवून ठेवत असे: ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नाही, काढाही नाही.’ नातेवाईक भेटायला येताना काहीबाही घेऊन येतातच, म्हणून शेवटचे दोन शब्द लाल पेनाने लिहिले होते.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी दाखल होण्यापूर्वीच करा. अंगीकृत रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ म्हणून एक व्यक्ती बसते. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा अहवाल घेऊन आधी त्यांना भेटा, कारण मंजुरी उपचारांच्या अगोदर घ्यावी लागते. कोणती औषधे योजनेत बसतात आणि कोणती स्वतः आणावी लागतात, हे तिथेच लिहून घ्या.

पत्नी आज कशी आहे, हेही सांगतो. ती स्वयंपाक करते, भाजी घेऊन येते आणि नातवाला पाढे शिकवते, पण कुकरच्या शिट्ट्या मोजताना तिची गफलत होते. म्हणून ओट्यावर एका वाटीत हरभरे ठेवले आहेत; शिट्टी झाली की एक हरभरा दुसऱ्या वाटीत टाकते.

तासगावकर

गोदाकाठ, तुमचा कागद जसाच्या तसा उतरवून घेतला आणि आमच्याही कठड्याला लावला. आत्याने आणलेला काढा परत गेला.

पेट स्कॅनमध्ये मेंदूबाहेर काही नाही आणि डोळे स्वच्छ आहेत. एलडीएच किंचित वाढलेले आहे, म्हणजे पांढरी पेशी यांच्या हिशेबाने गुण तीन झाले. पाठीतले पाणी डॉक्टरांनी दाबामुळे सध्या काढलेले नाही. क्षयाची औषधे बंद केली आहेत. वय आणि साखर पाहून पहिली फेरी मेथोट्रेक्सेट, रितुक्सिमॅब आणि सायटॅराबिनच्या कमी डोसची दिली. रात्री पट्टीचा रंग दोनदा सातच्या खाली गेला, दोन्ही वेळा मी जाऊन सांगितले आणि सोडा वाढवला गेला. चौथ्या दिवशी रक्तातली औषधाची पातळी ठरलेल्या रेषेखाली आली आणि पाचव्या दिवशी आम्हाला घरी सोडले.

काल वडिलांनी पतसंस्थेची वही मागून घेतली. एका पानाच्या बेरजेला त्यांना 40 मिनिटे लागली आणि उत्तर 300 रुपयांनी चुकले. पण या वेळी चूक त्यांची त्यांनाच सापडली. दुसऱ्या फेरीनंतर एमआरआय ठरला आहे. त्याचा अहवाल आला की इथेच लिहीन.